डोक्यावरून पाणी

तक्तेवाली हे नाव तिला तिच्याबरोबरच्या चौघींनी ठेवलं आणि पंधरा दिवसांत ते शिपायापासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी बसलं. मुलांच्या ऑक्युपेशनल थेरपीच्या विभागात त्या वेळी पाच इंटर्न होत्या. बाहेरच्या माणसाला या विभागाच्या नावावरून काही बोध होत नाही, पण काम साधं असतं. ज्या मुलांना बटण लावणं, घास तोंडापर्यंत नेणं, पेन्सिल धरणं, चार माणसांत बसणं जमत नाही, त्यांना ते होईल तेवढं जमवून द्यायचं. तक्तेवाली कॉलेजात पहिली आली होती. प्रत्येक मुलासाठी ती घरी करायच्या सरावाचा तक्ता काढायची, तोही रंगीत, पट्टीनं आखलेला आणि प्लास्टिकच्या पाकिटात सरकवलेला. एखाद्या आईनं नुसतं "काय करू?" म्हणायची खोटी, तक्ता तयार.

विभागाच्या मुख्य होत्या थांबा मॅडम. खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण ते वाचायला कुणी थांबत नसे. एखादी इंटर्न मुलाचा हात धरून त्याला मणी ओवायला लावू लागली की मागून हळूच आवाज यायचा, "थांबा." पालकांना उपदेश सुरू झाला की पुन्हा, "थांबा." त्यावरून इंटर्नमध्ये नकला चालत आणि मॅडमना ते माहीत होतं.

तक्तेवालीकडे आलेल्या मुलांमध्ये एक होती भिंगरी. वय साडेपाच, स्वमग्न. बोलायची अगदी मोजकं, पण एकदा का स्वतःभोवती गोल फिरायला लागली की बघणाऱ्याला भोवळ यायची, तिला नाही. तिच्यासाठी तक्तेवालीनं आजवरचा सगळ्यात देखणा तक्ता काढला. दिवसाचे बारा चौकोन. मणी ओवणं, कणीक मळणं, अंगावरून मऊ ब्रश फिरवणं, उड्या मारणं, असं सगळं. केलं की चौकोनात बरोबरची खूण करायची आणि दर सोमवारी आणून दाखवायचं.

पहिले तीन सोमवार तक्ता जवळजवळ कोराच आला. "जमलं नाही," भिंगरीची आई म्हणायची आणि जमिनीकडे बघायची. तिसऱ्या सोमवारी तक्तेवालीनं तिला चांगली दहा मिनिटं समजावलं, की हीच वर्षं महत्त्वाची असतात आणि पोरीचं पुढचं सगळं घरच्या सरावावर आहे. मॅडम त्या दिवशी रजेवर होत्या, त्यामुळे थांबा म्हणायला कुणी नव्हतं.

चौथ्या सोमवारी तक्ता भरून आला, पाचव्यालाही. सगळ्या खुणा एकाच शाईच्या, एकाच तिरकेपणाच्या. सातव्या आठवड्यात तक्तेवालीच्या लक्षात आलं, की गुरुवारी भिंगरी आणि तिची आई दिवसभर दातांच्या विभागाबाहेर बसलेल्या तिनं स्वतः पाहिल्या होत्या आणि त्या गुरुवारचेही बाराच्या बारा चौकोन भरलेले होते. ती तोंडानं काही बोलली नाही. तिनं फाइलमध्ये लिहिलं, ‘घरी सराव होत नाही. पालक सहकार्य करत नाहीत. आई खोट्या नोंदी करते.’ खाली सही, तारीख. लिहून झाल्यावर तिला बरंसुद्धा वाटलं. आपलं काम आपण चोख केलं होतं, आता पालथ्या घड्यावर पाणी पडत असेल तर त्याला आपण काय करणार!

आठ दिवसांनी, सोमवारी सकाळी, भिंगरीची आई एकटीच आली. तिनं टेबलावर एक कापडी पिशवी ठेवली आणि आतलं एकेक बाहेर काढलं. मण्यांची डबी, ब्रश, रबरी चेंडू आणि सगळ्यात शेवटी गुंडाळी केलेला तक्ता.

"ताई, आज भिंगरी नाही आली?" तक्तेवालीनं विचारलं.

"नाही. आणि येणारही नाही." आईचा आवाज जराही चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "परवा तिची फाइल घेऊन कानाच्या डॉक्टरांकडे गेले होते. दीड तास बाकावर बसून होते. मला वाचता येतं."

तक्तेवालीच्या तोंडचं पाणी पळालं.

"खोटारड्या बाईच्या घरी तुमच्या वस्तू नकोत," आई म्हणाली, रिकाम्या पिशवीची नीट घडी घातली आणि गेली. खेळायच्या खोलीत दोन मुलं आणि त्यांच्या आया होत्या. त्या आयांनी आपापल्या मुलांकडे बघायला सुरुवात केली.

मॅडमनी तिला आत बोलावलं तेव्हा तिची पाचावर धारण बसली होती. इंटर्नशिप गेली, नाव गेलं, घरी आता काय तोंड दाखवायचं, इथपर्यंत ती मनात पोचली होती. मॅडमनी फाइल उघडून तो मजकूर वाचला. मग फाइल मिटली आणि विचारलं, "भिंगरीचे वडील काय करतात?"

"माहीत नाही, मॅडम."

"घरात माणसं किती?"

"तीन. बहुतेक."

"आईची झोप होते का रात्री?"

"ते... ते विचारायचं असतं?"

मॅडमनी फाइल बाजूला सारली. "बरं. भिंगरीला काय यायला हवंय?"

हे मात्र तक्तेवालीला पाठ होतं. "दोन्ही हात एकत्र वापरता यायला हवेत. चिमटीत वस्तू धरता यायला हवी. एका जागी दहा मिनिटं बसता—"

"हे तुला हवंय. तिच्या आईला काय हवंय?"

आठ आठवड्यांत हा प्रश्न तक्तेवालीनं एकदाही विचारला नव्हता. विचारायचा राहून गेला असंही नव्हतं. असा काही प्रश्न असतो, हेच तिच्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

"बस," मॅडम म्हणाल्या. "रडू नको. मी तुझ्याएवढी होते तेव्हा एका बापाला महिनाभर पोराकडून जिन्याचा सराव करून घ्यायला लावला होता. वर चढायचं, खाली उतरायचं, दिवसातून तीन वेळा. त्यांचं घर तळमजल्यावर होतं. तो बिचारा रोज पोराला घेऊन शेजारच्या इमारतीत जायचा आणि तिथल्या रखवालदाराच्या शिव्या खायचा. मला कधी बोलला नाही. आणि मी कुठे विचारलं होतं? उंटावरून शेळ्या हाकत होते." त्यांनी फोन जवळ ओढला. "चूक तुझी एकटीची नाही. फाइल दर आठवड्याला मी बघायला हवी होती."

फोन बराच वेळ वाजला. मग पलीकडून दबक्या आवाजात "हॅलो" आलं.

"ताई, मी मुलांच्या विभागातून बोलतेय. आम्ही दोघी तुमच्या घरी येऊ का? भिंगरीला तपासायला नाही, माफी मागायला. तुम्ही नको म्हणालात तर येणार नाही, आणि तिच्या उपचारांवर त्याचा काही परिणाम होणार नाही."

पलीकडे दार हळूच लोटल्याचा आवाज आला. मग आई म्हणाली, "उद्या अकराला या. दार वाजवू नका, फोन करा. आणि तक्ता आणू नका."

मंगळवारी जिना चढताना मॅडमनी एवढंच सांगितलं, की पहिला अर्धा तास काही शिकवायचं नाही, फक्त विचारायचं आणि ऐकायचं, आणि वही पिशवीतच राहील.

तिसऱ्या मजल्यावर दार उघडलं ते एका उंच, भरदार खांद्यांच्या बाईनं. बाह्या कोपराच्या वर दुमडलेल्या, ओठांवर बोट. "हळू. बाळ्या झोपलाय," ती कुजबुजली.

तक्तेवालीला वाटलं, घरात तान्हं मूल आहे. बाळ्या म्हणजे भिंगरीचे वडील निघाले, वय वर्षं बेचाळीस. छापखान्यात कायमची रात्रपाळी. सकाळी सातला घरी यायचे आणि आतल्या खोलीत दुपारपर्यंत झोपायचे. दार उघडणारी ही त्यांची थोरली बहीण, त्यांच्याकडेच राहणारी, भिंगरीची आत्या. घर दोन खोल्यांचं, मध्ये एक पातळ दार. बाहेरच्या खोलीत टेबलाखाली एक जाड गोधडी होती आणि गोधडीतून दोन पाय बाहेर आलेले होते.

"तिची गुहा," आई म्हणाली. "राहू द्या. ऐकत असते सगळं."

सगळ्या बसल्या. मॅडम काही बोलेनात. बोलायचं आपल्यालाच आहे, हे तक्तेवालीला उशिरा कळलं. रात्रभर पाठ केलेल्या वाक्यांतलं तिला एकही आठवेना.

"ताई, मी लिहिलं ते चुकलं माझं," ती म्हणाली. "खुणा खोट्या आहेत का, तेवढंच मी बघितलं. का खोट्या आहेत ते विचारलं नाही."

"खोट्या होत्याच," आई म्हणाली. "तक्ता कोरा दिसला की तुमचं तोंड असं व्हायचं." आणि तिनं तोंड करून दाखवलं, भुवया वर, ओठ आत, मान एका बाजूला. आत्याला हसू आवरेना. तिनं पदराचा बोळा तोंडावर धरला. "मला अभ्यास न केलेल्या पोरीसारखं व्हायचं. मग बसमध्ये बसून चौकोन भरायचे. एकदा पेन उमटेना, तर शेजारच्या बाईकडून मागून घेतलं. ती म्हणाली, कसली परीक्षा आहे हो?"

आता तक्तेवालीलाही हसू फुटलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. आदल्या दिवसापासून छातीवर ठेवलेला धोंडा कुणीतरी बोटभर सरकवल्यासारखं वाटलं.

"ताई," तिनं विचारलं, "तुमच्या दिवसातली सगळ्यात अवघड वेळ कुठली?"

आईनं क्षणभरही विचार केला नाही. "आंघोळ," ती म्हणाली.

मग ती बोलतच राहिली. अंगावरून पाणी एक वेळ चालायचं, पण डोक्यावर तांब्या नेला की भिंगरी जिवाच्या आकांतानं ओरडायची, लाथा मारायची, चावायची. आईनं बाही वर केली. मनगटापासून कोपरापर्यंत दातांच्या चार खुणा होत्या, दोन जुन्या, दोन नव्या. खालच्या मजल्यावरची माणसं एकदा वर येऊन विचारून गेली होती, पोरीला मारता का म्हणून. आणि दाराच्या पलीकडे तो माणूस झोपलेला. एकदा पोरीच्या ओरडण्यानं जागा झाला तो झालाच. त्या रात्री यंत्रावर डुलकी लागली आणि बोट थोडक्यात वाचलं. तेव्हापासून आंघोळ चार दिवसांनी, आणि केस...

"एकोणीस दिवस झाले केस धुऊन," आई हळू आवाजात म्हणाली. "तुमच्याकडे यायचं असलं की टोपी घालते तिला. वास येऊ नये म्हणून."

भिंगरीची लाल टोपी! तक्तेवालीनं ती दर सोमवारी पाहिली होती. ‘टोपीचा आग्रह, काढू देत नाही’ असं तिनं पहिल्याच दिवशी लिहून ठेवलं होतं. पोरीच्या डोक्यावरून पाणी जात नव्हतं म्हणून त्या घराच्या डोक्यावरून पाणी गेलं होतं, आणि ती मात्र मणी मोजत बसली होती.

"मी तर कधीचं सांगतेय—" आत्यानं सुरुवात केली.

"वन्सं, नको," आई एकदम म्हणाली.

"काय सांगताय?" मॅडमनी विचारलं.

आत्यानं भावजयीकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "मी दुकानात कामाला आहे. कुत्र्यांचं दुकान. आंघोळ घालायची, केस कापायचे, नखं काढायची. बावीस वर्षं झाली."

"माझी मुलगी कुत्रं नाही," आई म्हणाली.

तक्तेवालीच्या जिभेवर तीन वेगवेगळी समजुतीची वाक्यं आली, पण मॅडमनी तिच्या गुडघ्याला गुडघा लावला, आणि ती तिन्ही तिनं गिळली.

तेवढ्यात आतलं दार उघडलं. बनियन घातलेला, पूर्ण टक्कल पडलेला माणूस डोळे चोळत उभा होता. तोच बाळ्या.

"तिच्या हाताखाली चावरी कुत्रीसुद्धा घोरायला लागतात," तो बायकोला म्हणाला. "मी बघितलंय. आणि मलाही लहानपणी आंघोळ हीच घालायची."

"तू पण चावायचास," आत्या म्हणाली.

पहिली हसली ती आई. अगदी नकळत, नाकातून. मग सगळेच.

"सांगा, वन्सं," ती म्हणाली. "माझी कुठे ना आहे? सांगा."

आत्या बोलायला लागली आणि तिचे हातही बोलायला लागले. घाबरलेल्या जनावरावर वरून पाणी ओतायचं नाही. पायापासून सुरू करायचं. मोठा टॉवेल गरम पाण्यात बुडवून पिळायचा आणि दाबून ठेवायचा, चांगला घट्ट. हलक्या हातानं नाही, हलक्या हातानं ते शहारतं. त्याला टॉवेल हुंगू द्यायचा. मागून काही करायचं नाही. आणि त्यानं अंग काढून घेतलं की आपण हात काढून घ्यायचा, म्हणजे त्याला कळतं की इथं आपलं ऐकलं जातं.

तक्तेवाली पुढे पुढे सरकत खुर्चीच्या टोकाला आली होती. "हे आमच्या पुस्तकात आहे!" ती जवळजवळ ओरडली आणि स्वतःच तोंडावर हात ठेवला. "खरंच, ताई. हलका स्पर्श काही मुलांना टोचतो. घट्ट दाबानं तीच मुलं शांत होतात. म्हणून तर ती गोधडीत बसते. दोन परीक्षांना लिहिलंय मी हे."

"पुस्तकात आहे?" आईनं विचारलं. तिच्या चेहऱ्यावरचं काहीतरी सैल झालं.

"आहे. पण आत्या सांगतात तितकं चांगलं नाही."

आई विचारात पडली. "पण ती पाण्याच्या आधीच ओरडते," ती सावकाश म्हणाली, जणू स्वतःलाच सांगत होती. "नळ सोडला की. बादली स्टीलची आहे. नळ जोरात पडतो, घण घण घण. तेव्हाच ती दाराला चिकटते. मी म्हणायचे, बघा, आंघोळीचं नाव काढलं की नाटकं सुरू." ती थांबली. "अहो, तिला पाण्याची भीती नसेलच. आवाजाची असेल."

"हे मला माहीत नव्हतं," तक्तेवाली म्हणाली.

"मला तरी कुठे होतं? आत्ता बोलता बोलता कळलं."

मग बेत ठरला आणि तो आईनं ठरवला. रविवारी सकाळी दहाला; शनिवारी रात्री वडिलांना सुटी असते, म्हणजे ते जागे असतील. आत्या भिंगरीला खाली फिरायला नेईल, तेवढ्यात बादली भरून ठेवायची, तीही प्लास्टिकची. घरातले सगळे जाड टॉवेल काढायचे. केस भिजलेच पाहिजेत असा हट्ट नाही. तक्तेवालीची बोटं चौकोन आखायला शिवशिवत होती, पण वही पिशवीतून बाहेर आली नाही.

परत येताना मॅडम म्हणाल्या, "रविवारी त्यांनी तुला बोलावलंय. मी येणार नाही."

"मॅडम! मी एकटी तिथे काय करू?"

"टॉवेल पीळ."

रविवारी तिनं खरोखर टॉवेलच पिळले. मोरीच्या दारात ती उकिडवी बसली होती. आत भिंगरी, आई आणि आत्या, आणि जागा उरली नव्हती म्हणून वडील अर्धे आत, अर्धे बाहेर. पाय झाले. पोटऱ्या झाल्या. आत्या टॉवेल दाबून धरायची आणि पाचपर्यंत मोजायची, आई शब्द न बोलता भिंगरीच्या डोळ्यांसमोर राहायची. पाठ झाली. भिंगरीनं एकदा टॉवेल हुंगला, एकदा चावला. खांदे झाले. सगळ्यांचा श्वास अडकला होता, आणि कदाचित तेच तिला जाणवलं. टॉवेल मानेपाशी आला मात्र, तिनं किंकाळी फोडली, पाय झाडले, आणि बादली उलटून सगळंच्या सगळं पाणी दारात बसलेल्या तक्तेवालीच्या अंगावर आलं.

वडिलांचं डोकंही भिजलं. आत्यानं लगेच हात काढून घेतले. भिंगरी कोपऱ्यात भिंतीला टेकून धापा टाकत होती.

तक्तेवालीच्या नाकावरून पाणी ठिबकत होतं. तिला आश्चर्य वाटलं ते याचं, की पुढचं काय हे तिला ठाऊक होतं. "ताई," ती म्हणाली, "आज इथंच थांबलं तरी चालेल. मानेपर्यंत तर आलो आपण."

"हो," आई म्हणाली आणि मोरीच्या ओल्या फरशीवर बसूनच गेली. "मानेपर्यंत तर आलो. असं आजवर कधी झालं नव्हतं."

थांबायचं ठरलं आणि सगळ्यांचे खांदे खाली आले. घाई कुणालाच राहिली नाही. वडील आपल्या टकलावरून ओघळणारं पाणी तळहातानं पुसायला लागले. भिंगरी ते बघत होती. बघता बघता ती उठली, जवळ आली आणि बापाच्या टकलावर तिनं हात ठेवला. पाणी निथळलं. तिनं पुन्हा ठेवला. मग खाली पडलेला ओला टॉवेल उचलला आणि फट्‌कन त्याच्या डोक्यावर मारला.

"आई गं!" वडील म्हणाले आणि हलले नाहीत.

भिंगरीनं टॉवेल दोन्ही हातांनी दाबला. घट्ट. "एक, दोन, तीन," आत्या पुटपुटली. पाचाला भिंगरीनं हात काढले. बापानं मान वर केली, डोळ्यांत पाणी, नाकात पाणी, तोंडभर हसू. भिंगरी हसली. हा आवाज तक्तेवालीनं आठ आठवड्यांत ऐकला नव्हता.

"परत," भिंगरी म्हणाली.

परत झालं. मग आत्याचं डोकं झालं. मग तक्तेवालीचं, ज्याला आता भिजायला काही उरलंच नव्हतं. शेवटी भिंगरी आईपाशी आली. आईनं अंबाडा सोडला आणि मान खाली घातली. टॉवेल दाबला गेला, पाच अंक झाले, आणि आईच्या लांब केसांतून पाणी फरशीवर टपटपलं. भिंगरीनं टॉवेल आईच्या हातात सोडला आणि ते केस धरले. आपल्या केसांना हात लावला. मग आईचा हात धरला, टॉवेलासकट, आणि स्वतःच्या डोक्यावर ठेवला.

आत्या मोजायचंसुद्धा विसरली. मोजलं ते आईनं, आणि दोनाच्या पुढे तिचा आवाज कापत होता, पण हात घट्ट होता.

साबणाचा थेंबही लागला नाही त्या दिवशी. गॅसवर तापत ठेवलेल्या पातेल्यातल्या नुसत्या गरम पाण्यानं, टॉवेलामागून टॉवेल, चाळीस मिनिटं. तक्तेवालीचे तळवे पिळून पिळून लाल झाले. शेवटी भिंगरी आपण होऊन उठली, कोरड्या टॉवेलात शिरली आणि टेबलाखाली जाऊन बसली. ओल्या केसांचा वास घेत.

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. वडील तिथेच भिंतीला पाठ लावून बसल्या बसल्या झोपले. आत्यानं तक्तेवालीला आपले कपडे दिले; त्यात तिच्यासारख्या दोघी मावल्या असत्या. चहा आला. आई पहिला घोट घेऊन म्हणाली, "पुढच्या रविवारी बोटभर शाम्पू. टॉवेलालाच लावू, म्हणजे डोळ्यांत जाणार नाही. चालेल ना?"

"तुम्हाला काय वाटतं?" तक्तेवालीनं विचारलं.

"चालेल," आई म्हणाली. "आणि ते मणी परत द्या मला. डबीचा आवाज आवडतो तिला."

बस पकडून घरी गेल्यावर तक्तेवाली जेवायलासुद्धा उठली नाही. चौदा तास झोपली, आणि सोमवारी उशिरा पोचली म्हणून तिला कुणी रागावलं नाही.

तीन महिन्यांनी इंटर्नची नवी तुकडी आली, तेव्हा थांबा मॅडमनी पहिल्याच दिवशी भिंगरीच्या आईला बोलावलं. आईनं दोनदा नकार दिला. मी काय शिकवणार, मी का मास्तरीण आहे, असं तिचं म्हणणं. शेवटी आत्याला सोबत घेऊन आली आणि खुर्चीच्या अगदी कडेला बसली. समोर सहा नव्या मुली वह्या उघडून बसलेल्या. तक्तेवालीचे शेवटचे आठ दिवस राहिले होते. ती मागे उभी होती.

एका नव्या मुलीनं हात वर केला. "घरी सराव करून घ्यायला पालकांना कसं पटवायचं?"

"पटवू नका," आई म्हणाली. मग तिलाच ते तुटक वाटलं असावं. "म्हणजे असं बघा, आधी विचारा, काल झोप झाली का. ती नसेल झाली, तर त्या बाईला तुमचं काहीच ऐकू जात नाही. ती नुसती मान हलवते."

मुलींनी ते लिहून घेतलं. "लिहू नका हो," आत्या मागून म्हणाली, "विचारा." सगळ्या हसल्या.

तेवढ्यात आईचा फोन वाजला. तिनं घाबरून उचलला. पलीकडचा मोठा आवाज सगळ्यांना ऐकू आला. भिंगरीचे वडील बोलत होते, मागे पाण्याचा खळखळाट होता.

"अगं, शाम्पूची नवी बाटली कुठे ठेवलीस? इथं दोघं भिजून बसलोय आम्ही!"

"खालच्या फळीवर, डाव्या हाताला," आई म्हणाली. "तिनं... ठीक आहे ना ती?"

"ती मजेत आहे. मला पुसायला टॉवेल ठेवला नाही तिनं."

आईनं फोन पर्समध्ये टाकला. मग ती खुर्चीत नीट मागे सरकून बसली, पाठ टेकवून, आणि समोरच्या मुलींकडे पाहून म्हणाली, "हं. अजून कुणाला काय विचारायचंय? मला काही घाई नाही."